भाषाजिज्ञासा : फ्रेंच शिकणाऱ्यांच्या शंका आणि मराठीची उत्तरे

फ्रेंच भाषेत 'जैन' हा शब्द लिहिताना रोमन लिपीतील 'आय' या अक्षराच्या माथ्यावर एका टिंबाऐवजी दोन टिंबे देतात. काही जुन्या ग्रंथांत तर शब्दाच्या आरंभी 'डी' हे अक्षरही अधिक असते. १९२६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या ए. गेरिनो यांच्या 'ला रलिजियों जाइना' या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर धर्माचे नाव याच वेषात आहे. अकरावीला फ्रेंच घेतलेली एखादी विद्यार्थिनी ते प्रथम पाहते तेव्हा तिला ती छपाईची चूक वाटते.

ती चूक नव्हे. फ्रेंचमध्ये 'ए' आणि 'आय' ही दोन अक्षरे शेजारी आली की त्यांचा मिळून एकच स्वर होतो, आणि त्यांच्यापुढे 'एन' आले की तिघांचा मिळून एक अनुनासिक स्वर. पावाला फ्रेंचमध्ये 'पँ' म्हणतात तो असाच. टिंबे दिली नसती तर फ्रेंच वाचकाने 'जैन' हा शब्द 'जँ' असा वाचला असता. या दोन स्वरांना एकत्र करू नका, निरनिराळे उच्चारा, एवढाच त्या दोन टिंबांचा अर्थ. राहिले ते 'डी'. फ्रेंच 'जे' या अक्षराचा उच्चार मराठी 'ज'इतका ठाम नाही. 'टेलिव्हिजन' या शब्दात जो मऊ ध्वनी आहे तो त्याचा. (देवनागरीत तो येथे सोयीसाठी 'ज' असाच लिहिला आहे.) खणखणीत 'ज' हवा असेल तर आधी 'डी' लावावा लागतो. एवढे सारे सोपस्कार पार पडल्यावर जो उच्चार सिद्ध होतो, तो मराठी कानाला 'जाईन' असा ऐकू येतो, आणि 'कोठे?' असे विचारण्याचा मोह होतो.

महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच हा बहुधा गुण मिळवून देणारा विषय म्हणून निवडला जातो, आणि बारावीची परीक्षा संपली की पुष्कळांची पुस्तके बांधून ठेवली जातात. परंतु ज्यांना ती भाषा खरोखर वापरावी लागते असेही घरोघरी निघतात. कोणी शिक्षणासाठी फ्रान्सला जातो, कोणी कॅनडातील क्वेबेक प्रांतात स्थायिक होऊ पाहतो, कोणाचे बेल्जियमशी व्यापारी संबंध असतात. या सर्वांच्या शंका जवळजवळ सारख्या असतात. निर्जीव वस्तूला लिंग कशासाठी? 'तू' आणि 'तुम्ही' यांत निवड कशी करायची? क्रियापदाचे रूप मध्येच कर्माप्रमाणे का बदलते? या शंका विचारताना विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर एक तक्रार असते : ही भाषा विनाकारण अवघड का?

तक्रारीचे मूळ फ्रेंचमध्ये फारसे नाही. ते शिकवण्याच्या माध्यमात आहे. फ्रेंच इंग्रजीतून शिकवले जाते; पाठ्यपुस्तकातील स्पष्टीकरण इंग्रजीत, वहीतील अर्थ इंग्रजीत. इंग्रजीत टेबलाला लिंग नाही, सर्वांना एकच सर्वनाम पुरते आणि भूतकाळी क्रियापद कोणाचीच पर्वा करीत नाही. त्या खिडकीतून पाहिले की फ्रेंचमधील प्रत्येक गोष्ट अपवाद भासते. ज्या मुलाने त्याच दिवशी सकाळी घरी 'चहा झाला', 'भाजी झाली', 'दूध तापले' ही तिन्ही वाक्ये न अडखळता उच्चारली, तोच मुलगा दुपारी वर्गात लिंगव्यवस्थेबद्दल कुरकुरतो, हे पाहून नवल वाटते.

लिंगापासूनच आरंभ करणे बरे. मराठीत तीन लिंगे, फ्रेंचमध्ये दोन. लॅटिनमध्ये नपुंसकलिंग होते. फ्रेंच घडताना ते लोपले आणि त्यातील बहुतेक नामे पुल्लिंगात मिसळली. मराठी विद्यार्थ्याला ओझे कमीच झाले म्हणायचे. 'ते पुस्तक' फ्रेंचमध्ये 'ल लिव्र', म्हणजे पुल्लिंगी. 'ते टेबल' मात्र 'ला ताब्ल', स्त्रीलिंगी. सूर्य दोन्हीकडे पुरुष आहे, पण चंद्र फ्रेंचमध्ये स्त्री होतो. चांदोमामाच्या जागी तेथे मावशी उगवते. 'असे का?' या प्रश्नाला उत्तर नाही, जसे 'भिंत ती आणि फळा तो का?' याला नाही. जे आहे ते शब्दाच्या शेवटाकडे पाहून बांधलेले अनुमान. मराठीत आकारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी आणि ईकारान्त बहुधा स्त्रीलिंगी : घोडा, घोडी. परंतु हत्ती आणि मोती हे 'तो' आहेत, पाणी आणि लोणी ही 'ते'. फ्रेंचमध्येही 'सियों' ध्वनीने संपणारी भाववाचक नामे स्त्रीलिंगी असतात, 'आज' ध्वनीने संपणारी बरीचशी पुल्लिंगी. तरी 'पाज' म्हणजे पान, 'प्लाज' म्हणजे समुद्रकिनारा आणि 'इमाज' म्हणजे प्रतिमा ही मंडळी स्त्रीलिंगातच राहतात. म्हणून चांगले शिक्षक नाम कधी एकटे पाठ करू देत नाहीत. 'ल' किंवा 'ला' हे उपपद त्याला चिकटवूनच पाठ करवतात.

एक शंका मात्र विशेष तावातावाने विचारली जाते. 'पेर्सॉन' म्हणजे व्यक्ती. हा शब्द स्त्रीलिंगी आहे, मग ती व्यक्ती मिशाळ पैलवान का असेना. पुरुषाला 'ती' कसे म्हणायचे? उत्तरादाखल मराठीत एक वाक्य उच्चारून पाहावे : 'काल आलेली ती व्यक्ती कोण होती?' मराठीतही 'व्यक्ती' स्त्रीलिंगीच आहे, आणि त्या वाक्याने आजवर कोणत्याही पैलवानाचा अवमान झालेला नाही. लिंग शब्दाचे असते, माणसाचे नव्हे.

याच घरातील दुसरी अडचण स्वामित्वदर्शक सर्वनामांची. 'सों लिव्र' म्हणजे त्याचे पुस्तक की तिचे? फ्रेंचमध्ये ते कळत नाही. 'सों' हे रूप पुस्तक पुल्लिंगी आहे एवढेच सांगते. घर स्त्रीलिंगी, म्हणून 'सा मेझों', मग घर आजोबांचे असो वा आजीचे. इंग्रजीची रीत उलट : तेथे मालकाचे लिंग कळते, वस्तूचे नाही. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी येथे हमखास घसरतो. मराठी मात्र दोन्ही गोष्टी एका शब्दात सांगते. 'तिचा वाडा' या शब्दांत 'ति' मालकिणीची आणि 'चा' वाड्याचा. फ्रेंचमध्ये त्यातला केवळ 'चा-ची-चे' हा भाग आहे असे समजले की गोंधळ संपतो.

सर्वनामांपैकी 'त्यू' आणि 'व्हू' यांचे तर मराठी माणसाला स्पष्टीकरणही नको. 'त्यू' म्हणजे तू, 'व्हू' म्हणजे तुम्ही, एका माणसालाही आणि अनेकांनाही. इंग्रजीत ज्यासाठी लांबलचक वर्णन करावे लागते त्या क्रियेला फ्रेंचमध्ये स्वतंत्र क्रियापदे आहेत, 'त्युत्वाये' आणि 'व्हुव्वाये', आणि मराठीत त्यांचे हुबेहूब प्रतिशब्द तयार आहेत : अरेतुरे करणे आणि अहोजाहो करणे. धोका निराळाच आहे. मराठी आदर केवळ समोरच्या माणसापुरता नसतो. तो पाठीमागेही पाळला जातो. 'बाबा आले', 'गुरुजी म्हणाले' असे अनेकवचन जिभेवर बसलेले असते. फ्रेंचमध्ये अनुपस्थित माणसाला हे अनेकवचन मिळत नाही. 'मों पेर ए वन्यू', शब्दशः 'माझा बाप आला', हेच शुद्ध आणि तेच सभ्य. पहिल्या दिवसांत हे वाक्य लिहिताना संस्कारी हात थबकतो, आणि थबकला तर त्यात वावगे काही नाही. शिवाय फ्रेंच घरांत आज नातवंडे आजोबांनाही 'त्यू'च म्हणतात; मात्र मित्राच्या आजीला, प्राध्यापकांना, दुकानदाराला 'व्हू'. 'तू म्हण' असे समोरच्याने सुचवेपर्यंत थांबावे.

लेखनाविषयीची तक्रार सर्वांत जुनी. जे उच्चारायचे नाही ते लिहायचे कशाला? 'बोलणे' या अर्थाच्या क्रियापदाची 'मी बोलतो', 'तू बोलतोस' आणि 'ते बोलतात' ही तीन रूपे तीन प्रकारे लिहिली जातात आणि तिन्हींचा उच्चार 'पार्ल' एवढाच होतो. हे हास्यास्पद वाटत असेल तर घरातील एखादे जुने स्तोत्रसंग्रहाचे किंवा चरित्राचे पुस्तक उघडावे. 'केलें', 'घरें', 'कांहीं', 'नांव' अशा अनुस्वारांची तेथे दाटी आहे. त्यांतील पुष्कळसे कोणी उच्चारीत नव्हते. पण 'केलें'वरील टिंबाने नपुंसकलिंग कळे, 'घरीं'वरील टिंबाने सप्तमी कळे. कानाने सोडून दिलेली माहिती डोळ्यांसाठी राखून ठेवलेली असे. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठीने ती टिंबे उतरवली. फ्रेंचने आपली मूक अक्षरे अद्याप उतरवलेली नाहीत. मराठीचा निर्णय योग्य होता की नाही यावर जुन्या पिढीत अजूनही दोन मते निघतात. मूक अक्षराला उपयोगच नसतो, असे मात्र कोणत्याही बाजूने म्हणता येत नाही.

उच्चारांपैकी एकाच ध्वनीपुरते येथे सांगण्याजोगे आहे. 'त्यू' असे लिहिले तरी खरा उच्चार 'त्यू' नव्हे. ओठांचा चंबू 'ऊ' म्हणताना करतात तसा करावा आणि आतल्या जिभेने 'ई' म्हणावे. जो विचित्र स्वर निघेल तो बरोबर. हा स्वर साधला नाही तर 'दस्यू' म्हणजे 'वर' आणि 'दसू' म्हणजे 'खाली' यांत फरक राहत नाही, आणि पाहुण्याने सामान भलत्याच जागी ठेवलेले असते.

आता त्या नियमाकडे वळता येईल, ज्याच्या नावाने फ्रेंच मुलेही कपाळाला हात लावतात. भूतकाळाचे वाक्य करताना फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापदाचे धातुसाधित आणि त्याच्या आधी एक साहाय्यक क्रियापद येते. बहुतेक क्रियापदांना 'असणे, जवळ बाळगणे' या अर्थाचे 'आव्ह्वार' लागते. जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा थोड्या अकर्मक क्रियापदांना 'होणे, असणे' या अर्थाचे 'एत्र'. 'एत्र' असेल तर धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. 'आव्ह्वार' असेल तर कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पाहिलेच तर कर्माकडे पाहते, आणि तेही कर्म आधी आले असेल तरच. इंग्रजीतून हे ऐकणाऱ्याला तो लहरी राजाचा कायदा वाटतो.

मराठीत काय होते ते आठवावे. मुलगा गेला, मुलगी गेली : क्रियापद कर्त्याप्रमाणे. मुलाने निबंध लिहिला, मुलाने चिठ्ठी लिहिली, मुलाने पत्र लिहिले : क्रियापद कर्माप्रमाणे, कर्ता बिचारा 'ने' प्रत्यय लावून बाजूला उभा. शाळेत याला कर्तरी प्रयोग आणि कर्मणी प्रयोग म्हणून शिकवतात. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त त्याची चिकित्सा विस्ताराने आहे. अकर्मक असेल तर कर्त्याशी जुळणी, सकर्मक असेल तर कर्माशी : फ्रेंच नियमाचा गाभा हाच. 'एल ए आले' म्हणजे ती गेली. ('आले' म्हणजे गेली, ही मराठी कानाची आणखी एक परीक्षा.) 'चिठ्ठी' या अर्थाचा 'लेत्र' हा शब्द स्त्रीलिंगी. 'मी एक चिठ्ठी लिहिली' हे फ्रेंचमध्ये 'जे एक्री युन लेत्र'. येथे कर्म मागून आले, धातुसाधित 'एक्री' तसेच राहिले. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचे असेल तर 'ला लेत्र क जे एक्रीत'. शेवटी 'त' कानावर येतो तो स्त्रीलिंगाचा. मराठी 'लिहिलेली' मधल्या 'ली'चे काम तो 'त' करतो. 'लेला-लेली-लेले' असे रूप जेथे मनात उमटते तेथे फ्रेंचमध्ये जुळणी तपासावी, ही खूण मराठी विद्यार्थ्याला कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही.

हे साम्य योगायोगाचे नाही. लॅटिनच्या उत्तरकाळात 'माझ्याजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे' अशा घडणीची वाक्ये रूढ झाली. त्यातले 'लिहिलेली' हे चिठ्ठीचे विशेषण होते, म्हणून तिच्या लिंगाप्रमाणे चालले. पुढे त्याचाच भूतकाळ बनला. इकडे संस्कृतात 'मया पत्रं लिखितम्', माझ्याकडून पत्र लिहिले गेले, ही घडण प्राकृतांत इतकी बळावली की जुने भूतकाळ मागे पडले. आचारांगसूत्राच्या आरंभी 'मी ऐकले आहे' अशा अर्थाचे जे वाक्य येते, त्याची अर्धमागधी घडणही 'माझ्याकडून ऐकले गेले' अशीच आहे. विशेषणाचे क्रियापद होताना कर्माशी असलेले त्याचे नाते दोन्हीकडे टिकले. मराठीत पूर्ण, फ्रेंचमध्ये अर्धेमुर्धे. कर्म मागून आल्यास जुळणी नको, हा फ्रेंचमधील संकोच सोळाव्या शतकात दृढ झाला. क्लेमाँ मारो या कवीने इटालियन भाषेचा दाखला देऊन आपल्या शिष्यांसाठी तो नियम पद्यात बांधला होता. २०१८ साली बेल्जियममधील दोन माजी शिक्षकांनी 'आव्ह्वार'सोबतची ही जुळणीच रद्द करावी असे जाहीरपणे सुचवले, तेव्हा बराच वादंग माजला. नियम अजून उभा आहे.

साम्य येथे संपत नाही. उतरणे, चढणे, बाहेर पडणे ही फ्रेंच क्रियापदे एरवी 'एत्र' घेतात. पण कर्म घेतले की 'आव्ह्वार'कडे जातात. 'एल ए देसांद्यू', ती उतरली. 'एल आ देसांद्यू ला व्हालीझ', तिने पेटी उतरवली. मराठीतही त्याच ठिकाणी 'ती'ची 'तिने' होते. आता न जुळणारे तेही सांगितले पाहिजे, नाहीतर विद्यार्थी दुसऱ्या खड्ड्यात पडेल. 'ती झोपली', 'ती हसली' ही मराठीत कर्तरी आहेत, पण फ्रेंचमध्ये झोपणे आणि हसणे 'आव्ह्वार'च घेतात आणि काहीच बदलत नाहीत. 'एत्र' घेणाऱ्यांची यादी लहान आहे, ती पाठच करावी. मराठीतही 'ती पाणी प्याली', 'तो धडा शिकला' ही सकर्मक असूनही कर्त्याच्या बाजूने जाणारी मंडळी आहेतच. त्यांची यादी मराठी मुलांना कोणी पाठ करवली नाही, एवढाच भेद.

मराठीची घडण फ्रेंच अभ्यासकांना कशी दिसली हे पाहायचे असेल तर त्याचीही सोय आहे. मराठी भाषेच्या घडणीवरील विख्यात ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्येच लिहिला. त्याचे मराठी भाषांतर वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केले. जैन साधूंच्या प्राचीन प्रायश्चित्तविधीवरील कोलेट काया यांचे १९६५ सालचे संशोधनही मूळ फ्रेंचमध्ये आहे. अकरावीच्या पुस्तकाच्या पलीकडे ही भाषा कोठवर पोहोचते हे पालकांनी मुलांना सांगण्याजोगे आहे.

आकड्यांचे गाऱ्हाणे थोडक्यात आटोपते. सत्तरला 'स्वासांत-दीस' म्हणजे साठ-दहा, ऐंशीला 'कात्र-व्हँ' म्हणजे चार वीस, नव्वदला 'कात्र-व्हँ-दीस', चार वीस दहा. विसांनी मोजण्याची ही पद्धत जुनी. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी स्थापन झालेल्या रुग्णालयाचे नाव आजही 'कँझ-व्हँ', पंधरा वीस, असे आहे. ज्या घरात आजोबा मालाच्या कोड्या मोजत आले, त्या घरातील मुलाने यावर हसू नये. आणि जो एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणत जाऊन नव्व्याण्णवला मात्र 'एकोणशंभर' म्हणत नाही, त्याने तर मुळीच नाही. बेल्जियमच्या फ्रेंचमध्ये सत्तरला 'सेप्तांत' आणि नव्वदला 'नोनांत' असे सरळ शब्द आहेत. हिऱ्यांच्या व्यापारामुळे जैन कुटुंबे जेथे वसली त्या अँटवर्पची भाषा डच आहे, परंतु तेथून ब्रुसेल्सला गेलेल्या माणसाच्या कानी हेच शब्द पडतात.

घरापासून दूर गेलेल्यांना एक वाक्य लवकर लागते, 'तुझी आठवण येते'. इंग्रजी वाक्याच्या साच्यात ते ओतले की अर्थ उलटतो. 'त्यू म मांक' म्हणजे तू मला उणा आहेस, तुझी उणीव मला भासते. 'ज त मांक' म्हटले तर 'माझी आठवण तुला येते' असे होईल. रात्री दूरध्वनीवर आईला फ्रेंच ऐकवून दाखवणाऱ्या मुलाने हे जपावे. मराठीत 'मला' आवडते, 'मला' भूक लागते, 'मला' आठवते. ज्याला जाणवते तो कर्ता नसतो. 'त्यू म मांक' या वाक्याची जात तीच.

शेवटी जेवणाचे पान, कारण चुकीची किंमत तेथे सर्वांत जास्त. फ्रेंचमध्ये नाम सहसा उघडे फिरत नाही. 'मी भात खातो' याला 'ज मांज द्यू री', थोडासा भात, असे म्हणावे लागते. 'मला भात आवडतो' याला 'जेम ल री', एकूणच भात. नकार आला की पहिल्या वाक्यातील 'द्यू'चे केवळ 'द' होते, दुसऱ्यातील 'ल' तसाच राहतो. हा भेद परीक्षेत अर्ध्या गुणाचा असेल. ताटावर तो फार मोठा आहे. 'ज नेम पा ला व्हियांद' म्हणजे मला मांस आवडत नाही, म्हणजे केवळ आवडीनिवडीची गोष्ट. यजमान प्रेमाने 'आमच्याकडचे चाखून तर पाहा' म्हणेल. 'ज न मांज पा द व्हियांद' म्हणजे मी मांस खात नाही. बोलायचे ते हे दुसरे वाक्य.

तेही पुरत नाही. 'व्हियांद' म्हणजे मांस, पण 'मांस नको' म्हणणाऱ्यापुढे मासा ठेवण्यात पुष्कळांना काही विसंगत वाटत नाही. मासा 'प्वासों', मधल्या 'स'चा 'झ' झाला तर 'प्वाझों', म्हणजे विष. 'वेजेतारियँ' म्हणजे शाकाहारी, दूध आणि अंडी चालणारा. 'वेजेतालियँ' म्हणजे प्राणिजन्य काहीच न घेणारा. एका 'र'चा 'ल' झाला की दुधाचा चहाही बंद. भाज्यांच्या पदार्थात 'लार्दों', म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, असू शकतात. चीज बनवताना दूध साकळण्यासाठी 'प्रेझ्यूर' वापरतात, आणि पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये ते बहुधा वासराच्या जठरातून काढलेले असते. वेष्टनावर हा शब्द शोधावा. वेष्टनावरील टिकाऊ रसायनांना 'कोंसेर्व्हातर' म्हणतात. इंग्रजी शब्दाला फ्रेंच वळण देऊन विचारू नये, कारण त्या शब्दाचा फ्रेंच अर्थ चारचौघांत उच्चारण्याजोगा नाही. आणि वाढणाऱ्याने 'आणखी घ्याल?' असे विचारले असता नुसते 'मेर्सी' म्हटले तर ते 'नको' असे समजले जाते.

कंदमुळांचा त्याग या शब्दांपैकी कशातच बसत नाही. बटाटा तर फ्रेंचमध्ये 'पॉम द तेर', भूमीचे सफरचंद, असे गोंडस नाव धारण करून येतो; फळ समजून फसण्याची पाळी. 'लेग्यूम-रासीन', मुळांच्या भाज्या, हा शब्दप्रयोग स्वयंपाकघरात समजतो. कांदा 'ओन्यों', लसूण 'आय'.

हे सारे एका वाक्यात सांगण्यासाठी फ्रेंचने एक सोय ठेवली आहे. 'नी... नी' अशी जोडी वापरली की 'द्यू', 'द' वगैरे सारी उपपदे गळून पडतात आणि नाम मराठीसारखे मोकळे चालू लागते : 'ज न मांज नी व्हियांद, नी प्वासों, नी अ, नी ओन्यों, नी आय, नी लेग्यूम-रासीन'. ना मांस, ना मासे, ना अंडी, ना कांदा, ना लसूण, ना कंदमुळे. यातील 'अ' हा छपाईत राहून गेलेला अर्धा शब्द नव्हे. अंडे एक असेल तर 'अफ्'. अनेक झाली की लिहिताना एक अक्षर वाढते आणि उच्चारातला 'फ्' मात्र नाहीसा होतो. उपाहारगृहाच्या गलबल्यात तो एकटा 'अ' वाढप्याच्या कानापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून हे वाक्य जाण्यापूर्वी शिक्षकांकडून रोमन लिपीत, सर्व मूक अक्षरांसह, एका कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद सरळ स्वयंपाकघरात पाठवावा.